वैनींच्या सोप्यातली फरशी

शेण! औषधाच्या कारखान्यात शेण, असा सायेब दारातनंच वरडला, आन् वरडला म्हंजे कसा, समोरच्या देवळाच्या शिखरावरची कबुतरं उठली ती रंकाळ्यावर जाऊन बसली, शुक्रवारपातूर परत आली न्हाईत. सायबाचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक भाईर, काखेत कातड्याची बॅग. खाली आम्ही बायकांनी आदल्या दिशी सारवलेली हिरवीगार जमीन, तिच्यावर हातभर रांगोळी, मधी सुस्वागतम्. आमचे वैद्यबुवा आप्पा हार घेऊन हुभं. त्या हाराचं आता काय करायचं त्यांना कळंना, शेवटी त्यांनी तो जपमाळेगत सवताच्याच हाताला गुंडाळला. आता ह्यो सायेब कोण आन् मी कोण ते सांगतो, पावणं, टेका जरा.

मी हुसेनबी, मूळची मुरगूडची. बाई असून सांगतो म्हणते म्हणून हसू नका, आमच्या कोल्हापूरच्या बायका आलो, गेलो असंच बोलत्यात, त्यात काय न्हाय. माझा अब्बा अत्तार, बाजारात हिरडा, बेहडा, शतावरी असली जडीबुटी विकायचा. मी पाळण्यात रडाय लागलो की अम्मा खुळखुळ्याऐवजी ज्येष्ठमधाची काडी हातात द्यायची. बोलाय यायच्या आधी मी डोळं झाकून नुसत्या वासावर पोत्यातला माल वळखायचो. खोटं वाटत असंल तर मुरगुडात जाऊन इचारा. आता ज्यांनी बघितलं व्हतं ती सगळी मेली, ते येगळं.

लगीन होऊन कोल्हापूरला आलो. मालक टांगा हाकायचे. रिक्षा आल्या, टांगा बसला, घोडं तेवढं खात ऱ्हायलं. मग मी आप्पांच्याकडं कामाला लागलो. आप्पा जातीनं जंगम, वाडवडलापासनं वैद्यकी. गंगावेशीजवळ बोळात त्यांचा कारखाना. कारखाना म्हंजे काय, वर पत्रा, आत चुली, तांब्याच्या कढया आन् एक दगडी उखळ. ते उखळ माझं. माझ्या मुसळाचा दणका पंचगंगेच्या घाटावर ऐकू जायचा आन् धुणं धुणाऱ्या बाया म्हणायच्या, हुसेनबी कामाला लागली, चला, आटपा. थंडी आली की आमचा च्यवनप्राश. शाहूवाडीच्या डोंगरातनं माणसं डबा घेऊन चालत यायची. औषध कुणाचं, तर आप्पांचं, एवढंच बास व्हतं. इचारणारा कोण न्हाय, तपासणारा कोण न्हाय.

मग बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या मागनं ह्ये परवान्याचं आलं. इंग्रजी औषधागत आयुर्वेदिक औषधालाबी सरकारचा परवाना पायजे, सायेब येऊन जागा बघणार, औषध बाटलीत भरून तपासायला नेणार, आन् परवाना न्हाय तर चूल पेटवायची न्हाय. काय सांगू तुम्हाला, त्या चुलीवर आम्ही आठ-धा बायका जगत व्हतो. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला नवऱ्यानं टाकलेली, आन् माझ्या दारात ते खाणारं घोडं. आप्पा म्हणाले, बायांनो, जागा सोच्छ पायजे, सायेब पयल्यांदा तेच बघणार हाय.

आता तुम्हीच सांगा, आमच्यात सोच्छ म्हंजे काय? बारसं असू दे, लगीन असू दे, सण असू दे, जमीन सारवली की घर सोच्छ. गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिळाय म्हशी येत्यात, त्यातली चांगल्या चाऱ्यावरची एक म्हस मी निवडली, दुसरीचं शेण घेतलं न्हाय. आन् असं सारवलं की जोतिबाच्या डोंगरावरनं जमीन चमकताना दिसली म्हणं. सरकारच्या पावण्याला आणि काय पायजे?

म्हणून सायेब वरडला तसा मी पुढं झालो. म्हटलं सायेब, ताजं हाय, एका म्हशीचं हाय, निवडून आणलंय. सायबानं बॅग उंबऱ्यावर ठेवली. मग बूट काढून आत आला, माझ्या उखळापाशी उकिडवा बसला, खिशातनं पांढरा रुमाल काढून पसरला. नखानं जमीन खरवडून ती भुकटी रुमालावर ठेवली आन् उखळाच्या बुडाला सांडलेलं चूर्ण चिमटीनं उचलून तिच्या शेजारी ठेवलं. म्हणाला, बाई, ह्यातलं औषध कुठलं आणि जमीन कुठली, सांगा. मी वाकलो. बघितलं. वास घेतला. त्या चूर्णालाबी जमिनीचाच वास. बोळातली माणसं सांगत्यात की हुसेनबीनं त्या दिशी पयल्यांदा आपणहून मुसळ भिंतीला टेकवलं, आन् ह्यात मातूर कुणी काय वाढवलेलं न्हाय.

सायेब वाईट न्हवता. आवाज उतरवून म्हणाला, वैद्यबुवा, पाण्यानं धुता येईल अशी जमीन करा, दगडी फरशी घाला. महिन्यानं येतो, तोवर चूल बंद.

सायबाचा महिना, पर आवळा कुठला थांबतो? पोती येऊन पडलेली. गाठीला व्हतं नव्हतं ते आप्पांनी आवळ्यात आन् तुपात घातलेलं, फरशी आणायची कशानं? आप्पा दोन दिस जेवलं न्हाईत.

आता वैनींचं सांगतो. वैनी म्हंजे आप्पांची बायको, गारगोटीकडची. माहेरी पोरपणापासनं सारवून सारवून हात फाटलेलं. लग्नाच्या बोलाचालीत पोरगीनं तोंड उघडून सांगितलं व्हतं की फरशीचं घर असंल तर येतो, न्हायतर न्हाय. म्हणून आप्पांच्या वडलांनी सोप्यात, म्हंजे पुढच्या बसायच्या खोलीत, आन् सैपाकघरात शहाबादी फरशी घातली, मग वरात आली. वैनी ती फरशी लेकरागत धुवायच्या. मी त्या फरशीत बघून पदर नीट करायचो.

तिसऱ्या दिशी मी आप्पांच्या घरी गेलो. वैनींनी चहा दिला. मी बशी तोंडाला लावली आन् खाली बघितलं. बोललो काय न्हाय, खुदाची शपथ. नुसतं एका फरशीवरनं दुसऱ्या फरशीवर नजर नेली, भिंतीपातूर, मग मोजावं तशी परत आणली. वैनी कवाधरनं माझ्याकडं बघत व्हत्या.

बघू नगंस. उचल, म्हणाल्या.

आप्पा नगं नगं म्हणतायत तवर वैनींनीच फरशी उचकटायला लोखंडी पार आणली. मालकांचं घोडं पयल्यांदा खाल्ल्याला जागलं, फरशा टांग्यातनं कारखान्यात गेल्या. टांगा मोडला तवा उरलेल्या मी डोक्यावरनं नेल्या, एका खेपंला चार. बरं, दोन धरा. घरात उघडी माती ऱ्हायली. वैनींनी पदर खोचला आन् लग्नानंतर पयल्यांदा शेणात हात घातला.

फरशी झाल्याचा निरोप आप्पांनी धाडला, तसा सायेब महिन्याची वाट न बघता आठव्या दिशीच आला. कारखान्यात बादलीभर पाणी वतलं, पाणी पळत मोरीकडं गेलं, तसं त्येच्या तोंडावर हसू आलं. पेटवा चूल, म्हणाला. बाजूचा आवळा नासलेला, तो टाकला, बाकीचा वाचला. पाक झाला का न्हाय ते आप्पा त्येच्यावर बोट दाबून, ठसा उठतोय का असं बघायचे, ते बघायला सायेब बसून ऱ्हायला. बाटलीत भरून, लाखंचं शील मारून नमुना घेऊन गेला, आन् नमुना पास झाला. मग त्या फरशीवर चप्पल घालून पाय ठेवायची कुणाची छाती न्हवती. एकदा आप्पाच चुकून वहाणा घालून आले, तर मी मुसळ घेऊन आडवी झालो. सायबाचा रुमाल माझ्या डोळ्यापुढनं आजून हलत न्हाय.

आता आप्पा न्हाईत. परवाना काचंच्या चौकटीत हाय, थोरला लेक कारखाना बघतो, त्येनं घरात नवी फरशी घातली. माझं उखळ जाऊन मशीन आलं, त्येचा दणका घाटावर काय, बोळाच्या तोंडालाबी जात न्हाय. अल्ला त्या पोराला बरकत देवो. पर परवाना घेऊन सायेब सवता आला व्हता, त्या दिवसाचं सांगून उठतो.

आप्पांनी त्येला चहाला घरी नेला. मी दारात हुभी. सायेब सोप्यात बसला, परवाना आप्पांच्या हातात दिला, चहा घेतला, पाय लांब केलं, खाली तळहात फिरवला आन् म्हणाला, वैनी, काय गार वाटतंय हो तुमच्या घरात, आणि किती स्वच्छ. आप्पांना ठसका लागला. वैनींनी सायबाची कपबशी उचलली. हसल्या न्हाईत, का आवाज चढवला न्हाय.

शेणानं सारवलंय, म्हणाल्या. फरशी कारखान्यात हाय.