रचलेले दगड

—थांब, थांब, एवढी घाई कसली? बस जरा त्या दगडावर. तळ्यावरून उतरतोयस ना? अरे-तुरे केलं तर चालेल ना रे — माझ्या लेकाच्या वयाचा दिसतोस. मी घाबरलेली नाही हं, नुसती धाप लागलीय. आणि हळू बोल. त्या झुडपांमागून काठीची टकटक ऐकू येतेय ना? ते आमचे हे. टकटक चालू आहे तोवर सगळं ठीक आहे.

वाट? कसली वाट राहिलीय इथे! गवत डोक्याच्या वर गेलंय, काट्यांनी बाह्या फाटल्या माझ्या, पायाखाली जमीन आहे की खड्डा, देव जाणे. ह्यांना म्हटलं, परत फिरू या — तर म्हणतात कसे, "या डोंगरावर मी लोकांना डोळे मिटून नेलंय." खोटं नाही ते. उभी हयात वाटाड्याचं काम केलंय त्यांनी. कुणी चुकलंमाकलं की शोधून आणायचे — ओरडणं नाही, चिडणं नाही, आधी पाणी पाजायचे. मी मात्र ते तळं कधी पाहिलं नाही — घर, पोरं, सासूबाईंचं आजारपण, कुठे निघणार? आज आले, कारण ते एकटेच निघाले होते. दाराला कुलूप, तर खिडकीतून! या वयात! मी आपली घरातल्या चपलांवरच मागे धावले—

कुलूप का म्हणजे? चोरांसाठी. कुलूप चोरांसाठीच असतं ना? ...आतून होतं. बरं, असू दे.

तुला खालच्या खुणांचं विचारायचंय, कळतंय मला. एकावर एक रचलेले दगड — जाताना तेच बघत गेलास ना? आहेत की. असतील. असं बघू नकोस रे माझ्याकडे! ...नाहीत. ह्यांनी पाडले. येताना प्रत्येक रचलेल्या दगडांपाशी थांबायचे, म्हणायचे, "पोरांनी खोडसाळपणा केलाय, लोक मरतील अशाने" — आणि काठीने ढकलून द्यायचे, दगड थेट खाली दरीत. मी मागून दुसरे दगड रचायला गेले, पण तेवढ्यात हे पुढे निघून जायचे, थांबणार कशी? आणि ते दगड, बाळा, ह्यांनीच रचले होते. ह्यांच्याच हातांनी.

डॉक्टर म्हणाले होते, नवं विसरतील, जुनं राहील. इथे तर जुनंच आधी — जाऊ दे. मला भीती वाटतेय रे. खूप भीती वाटतेय. उन्हं कलली, मोबाइल लागत नाही, आणि मघाशी त्याच वाकड्या झाडापाशी आम्ही पुन्हा आलो, तर त्याला हात लावून म्हणतात, "हे झाड नवीन दिसतंय."

म्हणून सांगते ते ऐक. ते आले की म्हणायचं, काका, मी वाट चुकलोय, मला खाली न्या. चुकलेल्या माणसाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. आणि असं कुणाला घेऊन निघाले ना, की त्यांचे पाय — पायांना आठवतं रे, आठवत असेल, आठवायलाच हवं. एवढं नाटक कर माझ्यासाठी. नाटक तरी कसलं, तू चुकलाच आहेस की आता!

थांब. टकटक थांबली.

अहो? ...अहो, ऐकलंत का? अहो—

आलात! केवढा जीव घाबरला माझा! हा मुलगा बघा, वाट चुकलाय बिचारा — सांग ना रे, सांग त्यांना — ऐकलंत? खाली सोडायचंय त्याला. हो हो, पाजा, आधी पाणी पाजा. ...मला? मला नको, तुम्हीच घ्या दोन घोट, केव्हाचे — काय म्हणालात?

ताई?

...हो. हो, दादा. मीपण वाटच चुकलेय. द्या, पाणी द्या.