उंबऱ्यापेक्षा बुटका

(राजुरी. उसाला खेटून असलेलं घर, रविवारचा कलता दिवस. ओट्यावर आरती, तिचे आजोबा रखमाजी आणि मेथी निवडत बसलेली आई साधना. तिघांच्या मधोमध आरतीच्या आत्याचं पांढरं, केसाळ पॉमेरियनचं पिल्लू, फुटाणा.)

आरती : ...आणि चौथा मुद्दा, आबा, नीट ऐका! खातो मूठभर, जागा लागते पाटाएवढी, आणि माणसांचा लई लळा! आता सांगा, आपल्या घराला शोभेल का नाही?

रखमाजी : शोभंल की. शोकेसमधी.

आरती : आबा!

रखमाजी : अगं, ह्याला कुत्रं म्हणायचं का कापसाचं बोंड? मघाशी कोंबडीनं नुसतं बघितलं, तर पाटीमागं जाऊन बसलं.

साधना : त्या कोंबडीला तुम्ही पण वाट देता, आबा.

आरती : हसू नको ना आई! सकाळी ह्याला इथं सोडून गेलेली आत्या डिंगोरे गावातलं लग्न आटपून निघालीय. नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. आपण नको म्हटलं, तर ती फुटाण्याला चाकणच्या कुणातरी माणसाला देणार. दिवाळीत तिच्याकडे राहिले, तर चार दिवस माझ्या दप्तरावर झोपला हा. आता परत दिसणारच नाही मला!

रखमाजी : मी त्याला वाईट म्हणतो का? पर उसात काय बसलंय, ठाव हाय ना? आपला सरदार केवढा दांडगा व्हता. त्याला बिबट्यानं सोडला न्हाई. ह्याला तर खिशात घालून नेईल.

आरती : पण भुंकतो किती! पान हललं तरी भुंकतो. बिबट्या आला की लगेच कळेल.

रखमाजी : बिबट्यालाच कळंल. आपला पत्ता वरडून सांगतंय ते.

आरती : मग सरदारसारखा खिळ्यांचा पट्टा घालू. मान धरायला गेला की टोचेल त्याला.

रखमाजी : न्हाई जमत.

आरती : न घालताच कसं कळलं?

साधना : विचार की त्यांना. दुपारी गोठ्यामागं दाभण घेऊन सरदारच्या पट्ट्याला भोकं कोण पाडत होतं?

आरती : आबा? तुम्ही?

रखमाजी : बघत व्हतो आपलं. आठ भोकं पाडली तवा कुठं बसला. तर वजनानं मानच उचलंना. जमिनीला नाक लावून माझ्याकडं बघत राह्यलं. काढला मग.

आरती : म्हणजे तुम्हालाही हवाय तो! हवाय ना? बोला ना!

रखमाजी : गप बस. सरदारच्या मानेला जखम झाली व्हती. हळद लावायला पट्टा मीच काढला. दिवेलागणीचा टाईम. दारात आलं, एक पाय आत टाकला त्यानं. मी म्हणलं, हाड! कुत्रं उंबऱ्याच्या भाईर. आमच्या बापाची रीत. ऐकणारं जनावर, गेलं गुमान. पट्टा माझ्या हातातच राह्यला.

साधना : हे कधी बोलला नाहीत, आबा.

रखमाजी : काय बोलायचं त्यात.

आरती : मला वाटायचं, तुम्हाला आता कुत्रीच आवडत नाहीत.

रखमाजी : आवडत्यात गं.

आरती : मग जाऊ दे. सांगते मी आत्याला, ने म्हणून. चाकणला तो माणूस फ्लॅटमधे राहतो. तिथं ऊस तरी नाही.

साधना : आरती, रडतेस?

आरती : नाही. मेथीचं काहीतरी गेलं डोळ्यात.

रखमाजी : थांब. ते कुठं निघालं?

आरती : घरात जायला बघतोय. सकाळपासून तेच चाललंय. पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवतो, मागचे पोचत नाहीत. उंबराच त्याच्यापेक्षा उंच आहे.

रखमाजी : मंग उभं राहून बघतंय काय माझ्याकडं?

आरती : उचला म्हणतोय. ...आबा! केस लागतील सदऱ्याला!

रखमाजी : लागू दे. लई हलकं हाय गं हे. काळीज तेवढं धडधडतंय.

साधना : हॉर्न वाजला. वन्सं आल्या. काय सांगू त्यांना?

रखमाजी : सांग, चहा टाकलाय म्हणावं. आन् आरते...

आरती : हां, आबा?

रखमाजी : आत येताना दार लोटून घे. दिवस बुडायला आलाय.