मामांनी लावून दिलेली नोकरी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंख्यांच्या कारखान्याचे मालक, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, म्हणजे माझे सख्खे मामा, नवी चप्पल चावत असूनही पहिल्या रांगेत हसतमुख बसलेल्या मामी, आणि खुर्च्या सरकवत अजूनही आत येणाऱ्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मामांविषयी मी काय बोलावं? आईवडील गेल्यावर मी यांच्याच घरात वाढलो. परवापरवापर्यंत एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत होतो. काच फ्रेममध्ये बसली, गिऱ्हाइकाला समोरची अक्षरं दिसली, की ते आपणहून हसायचं. मामांना हे बघवेना. "अरे, काचा घासून कोणी मोठा झालाय का? माझ्या हाताखाली ये. केबिन आहे, खुर्ची फिरते." मी आलो. खुर्ची खरंच फिरते. बाकी काहीच खरं निघालं नाही.

मामांचं काम काय, हे इथे कोणाला सांगायला हवं? माणसं कमी करायचं मालक ठरवतात, आणि त्या माणसांना ते मामा सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला. "समोरच्याचे दोन्ही हात गुंतलेले हवेत. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. बशी धरलेला माणूस कॉलर धरत नाही." काय अभ्यास! म्हणून तर आपल्याकडे 'त्याला चहा पाजला' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. फोरमनसाहेब, हसू नका. तुमच्या भावाने तर वर साखर मागून घेतली होती.

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला झोप कशी लागते?" म्हणाले, "मामीला विचार. भिंती हलतात."

तर आज सकाळी मालकांनी मला बोलावलं. चहा दिला नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. तिथेच फसलो. ते म्हणाले, "संध्याकाळचा सत्कार हाच तुमच्या मामांचा निरोप. त्यांना अजून कल्पना नाही. तुम्ही सांगा."

मामा, उठू नका! गुच्छ पडेल. मुद्दाम एवढा मोठा मागवलाय. आणि दुसऱ्या हातातलं भेटीचं घड्याळ सांभाळा, काचेचं आहे. तुम्हीच शिकवलंत, तसंच करतोय.

मला इथे का घेतलं, हे सकाळी तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मामांना वाटलं, भाचा हाताखाली असला की आपली खुर्ची पक्की. मालकांना वाटलं, मामांना सांगायला घरचा माणूस बरा, आरडाओरडा होत नाही. मी तिथूनच चष्मेवाल्या शेठना फोन लावला. "शेठ, परत येऊ का?" म्हणाले, "तुझ्या जागी एक घेतलाय. तुझ्यापेक्षा बरा घासतो."

तरीही मी ठरवलं होतं, दार लावून नाही, भर सभेत सांगायचं. मामांची अब्रू जाईल ती जाईल, मालकांचीही थोडी शोभा होऊ दे. पण बघा, मालक टाळ्या वाजवतायत! "फार छान सांगितलंत" म्हणतायत. आभारी आहे, साहेब. पण उद्यापासून मी यायचा नाही. कुठेतरी काचा घासेन, नाही मिळाल्या तर खिडक्या पुसेन.

काय, मामा? माईकमध्ये बोला. नको? बरं, मीच सांगतो. मामा म्हणतायत, "गप बस, गाढवा. घरात आता तुझाच पगार उरलाय. मामीची औषधं काय खिडक्या पुसून आणणार?"

मामी, तुम्ही तरी काही... मानच डोलावताय. बरं.

मित्रहो, मघाशी नोकरी सोडण्याविषयी जे बोललो, ते मी मागे घेतो. साहेब, आपण ते ऐकलंच नाही असं समजा. ऐकलं असेल तर हात जोडतो.

मला बोलायची संधी दिलीत आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना दोनतीनदा अडखळलो, तेवढं सांभाळून घ्या. अशी बातमी द्यायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि माणूसही घरचा होता. तुम्हा मंडळींच्या बाबतीत तसं होणार नाही.