मशीनचं कपाळ

ट्रॅक्टरला कुंकू लावतानी जरा बघून लावा बरं! निजामाच्या राज्यात मी अंबडला तहसीलदारांच्या बंगल्यावर माळी होतो. साहेबांनी पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन आणल्तं. खंडेनवमीला मी त्याची पूजा केली, अन् दसऱ्याला ते दोन फेऱ्यांतच बंद! टाकीचं टोपण उघडून पेट्रोल बघितलं की चालू, टोपण लावलं की थोड्या वेळानं परत बंद. संध्याकाळी मोठे साहेब येणार, अन् अर्धं गवत उभं. म्हनलं, गेली नोकरी.

बंगल्यावरच्या मोटारीचे ड्रायव्हर रशीदभाई आले. टोपण हातात घेऊन म्हणाले, "ये क्या लगाया?"

"कुंकू. कपाळाला."

"अरे, ये कपाळ नहीं, नाक है! हवा यहीं से टाकी में जाती, तब पेट्रोल उतरता." त्यांनी काडीनं टोपणाचं भोक मोकळं केलं. मंग मशीन गवत संपेस्तोवर थांबलंच न्हाई.

पुढच्या खंडेनवमीला भीतीनं मी मशीनची पूजाच टाळली. तर रशीदभाईच झेंडूचा हार घेऊन हजर. "बिचारे को सजा दी क्या? लगाव टीका!" अन् माझं कुंकू लावून होईस्तोवर ते टोपणाच्या भोकावर बोट धरून उभे राह्यले.