लिव्हर गरम ठेवलंय

हॅलो?… अगं मी, सुलक्षणा. तुझी वहिनी! दादाचा फोन आता दादा कसा उचलणार? हिरवा गाऊन घालून खाटेवर बसवलाय त्याला. बोहल्यावरसुद्धा एवढा लाजला नव्हता…

नाही, अजून आत नाही नेलं. लिव्हर आलंय, पण चालेल की नाही ते बघतायत… हो गं, फायदा सगळ्यांचाच आहे. त्याला नवं लिव्हर, तुला भाऊबीजेची साडी आणि मला भांडायला नवरा. सगळ्यात मोठा वाटा माझा. म्हणून तर देव पाण्यात घालून बसलेय.

तू कुठे आहेस?… भांडुपला? कांजूरहून सरळ मुलुंडला येणार होतीस ना?… बर्फ?… कसला बर्फ?… अगं बाई!

ऐक… अगं ऐक ना… हो, 'लिव्हर गरम ठेवलंय' असं ग्रुपवर मीच टाकलं. बरोबर टाकलं… नाही खराब होत! सुरमई आहे का ती?

हो, हो, एरवी बर्फाच्या डब्यातच आणतात. तुझं चुकलं नाही. पण हे जरा चरबीवालं निघालं, डॉक्टरांना भरवसा वाटेना. म्हणून मशीनला जोडलंय. त्यातून रक्त फिरवतात, अंगाएवढं गरम… अंगाबाहेरच गं! त्या लिव्हरला बिचाऱ्याला वाटतंय, आपण अजून पोटातच आहोत.

कशाला म्हणजे? बर्फात ते झोपतं. झोपलेलं कामाचं आहे की नाही, कसं कळणार? तुझ्या दादाला बघून कळतं का? गरम ठेवलं की कामाला लागतं. मासा घेताना तू कल्ले उघडून बघतेस ना? तसे हे पित्त बघतात. पित्त सुटलं तर लिव्हर पास. नाही सुटलं, तर मागच्या वेळेसारखं परत घरी…

नाही माधुरी, या वेळी नुसतं घरी नाही. पोटात किती पाणी झालंय, तू बघितलंस ना. पुढचं लिव्हर येईपर्यंत तो थांबेल, असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत… हं.

रडू नको गं. रिक्षावाला घाबरेल… काय? डबापण कोळणीकडूनच आणलास?… धुतलाय तरी का?… म्हणजे बोंबलाचा वास घेऊन तू ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहणार! वॉचमन सोडेल तुला? मांजरं लागतील मागे…

थांब, सिस्टर हाक मारतायत. ठेवू नकोस हां… हो सिस्टर, मीच… हो… हो?…

माधुरी! सुटलं गं! पित्त सुटलं!… हो, चांगलं गडद. डॉक्टर चक्क हसले. लग्न झाल्यापासून या घरातल्या सगळ्यांची पित्तं सांभाळली, आनंद आज पहिल्यांदा झाला…

नेतायत त्याला… आत्ताच. हात हलवतोय बघ… काय रे?… म्हणतोय, माधुरीला सांग, बर्फ परत करून ये!… गेला. गेला गं आत.

हो, हो… तुझा नवस, माझा नवस, सगळे फेडू. आधी त्याला बाहेर येऊ दे.

कुणाचं होतं?… ते सांगत नाहीत… नाही, गावसुद्धा नाही. नियमच आहे. रडता रडता कुणीतरी हो म्हणालं, एवढंच आपल्याला कळणार…

हं… हं… खरंय तुझं. आपलं काय गेलं? तुझा बर्फ आणि माझी झोप. बिल सगळं त्या घरावर फाटलं.

काय म्हणालीस?… पिठलं-भात?… अगं, माझ्याही तेच मनात आलं. आज त्यांच्याकडे चूल पेटली नसेल. पातेलंभर करून नेला असता… पण कुणाच्या दारात, माधुरी?

…हं.

ठेवते. तू सावकाश ये.