बरं असेल तर एक दाबा

आम्ही मूळचे चोपड्याकडचे, ताई. लग्न झालं अन् यांच्या मागं सुरतले आले ती इथंच बमरोलीत राहिले. हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर, मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. काय सांगू तुम्हाले, खात्यात यंत्रांचा इतका आवाज की माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथं सगळे ओठ बघूनच बोलतात. कान तिथंच गेले यांचे. पण बहिरा म्हटलं की यांच्या मनाले लई लागायचं, म्हणून कोणी काही विचारलं की हो म्हणून मोकळे.

मग छाती भरून यायला लागली, जिना चढले की खालीच बसायचे. दवाखान्यात मोठा डॉक्टर नाही, तो फोनमध्ये दिसतो. पहिल्या वेळी मी बाजूले होते, मीच सगळं सांगितलं, गोळ्यांनी गुण आला. मग सिस्टर म्हणे, मावशी, आता यायची गरज नाही, अ‍ॅप टाकून देते, डॉक्टर घरीच बघतील. मले वाटलं देवच पावला, यांचा खाडा वाचला.

अन् फोन आला तो नेमका मी शेठकडे साड्या द्यायला गेले तेव्हा. यांनी एकट्यानं घेतला. चित्र अडकत होतं म्हणे, ओठ काही कळत नव्हते. मी आले तर म्हणतात, चांगला आहे डॉक्टर, हसून बोलला. काय विचारलं म्हटलं तर म्हणे, मी हो म्हटलं. शेजारणीनं फोनमध्ये वाचून दाखवलं, पेशंट म्हणतो दुखणं थांबलं, गोळी बंद. मी पळत सिस्टरकडे गेले, ती म्हणे डॉक्टरनं लिहिलेलं मी कशी बदलू, पुढच्या तारखेले सांगा. तारीख यायच्या आधीच हे खात्यात पडले.

आता खाटेवरच असतात. मोठ्या दवाखान्यात म्हणाले, हृदय कामातून गेलं, उशीर केला. कोणावर रागवू, ताई? डॉक्टरनं विचारलं, यांनी हो म्हटलं, फोननं लिहून घेतलं, अन् माझा माणूस गेल्यात जमा.

दवाखान्याचा फोन अजून येतो. बाई गुजरातीत बोलते, पण ती मशीनच. बरं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. मी दोन दाबून पाहिलं, थांबा म्हणते अन् गाणं लावते, वाजून वाजून बंद होतं. परवा मी फोन उचलला तर हे माझ्याकडे बघत होते, काय म्हणते म्हणे. मी खात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवले, कसे आहात विचारते.

बरा आहे सांग तिले, म्हणाले.

मी एक दाबलं, ताई.