उलटे फिरणारे तारे

(शिवणयंत्राची खोली, दुपार. सरांच्या मांडीवर कागदांची फाइल.)

आई : कागद राहू द्या सर. तोंडी सांगा.

सर : तुमचा मुलगा माझ्याकडे एका लंबगोल दीर्घिकेवर काम करत होता, हे तुम्हाला...

आई : माहीत आहे. तिथले तारे एका चाकोरीत फिरत नाहीत, म्हणायचा. कुणी आडवा, कुणी तिरका, तरी कुणी कुणावर आदळत नाही. जेवताना ताटात बोट फिरवून दाखवायचा. अन्न गार व्हायचं.

सर : पण अगदी मधोमध त्याला निराळंच दिसलं. तिथले तारे मिळून एकाच दिशेनं फिरत होते, बाहेरच्यांचा कल जिकडे त्याच्या बरोबर उलट. त्याचं म्हणणं, फार पूर्वी या मोठ्या दीर्घिकेनं एक लहान दीर्घिका गिळली. तिचे तारे अजून आपल्याच दिशेनं फिरताहेत.

आई : मग?

सर : मी म्हणालो, गणितात तुझं वजाचं चिन्ह चुकलंय, म्हणून दिशा उलटी येतेय. सगळ्यांसमोर. म्हणालो, एवढंही जमत नसेल तर दुसरं काहीतरी धर. सगळे हसले. तो उठला, गाडीची किल्ली घेतली आणि गेला.

आई : वेधशाळेचा डोंगर उतरताना गाडी घसरली, एवढंच मला कळलं. हसण्याचं कुणी बोललं नाही.

सर : मीच बोललो नाही. तीन वर्षं. वर्गात फळ्यावर वजाचं चिन्ह काढायला गेलो की हात थांबतो, ताई. मागच्या बाकावर तो बसलाय असं वाटतं. वळून बघायचा धीर होत नाही.

आई : आणि आज कसा झाला?

सर : नव्या यंत्रानं पुन्हा मोजलं. चारदा. चारही वेळा उलटेच. चिन्ह बरोबर होतं त्याचं.

आई : पाणी घ्या.

सर : नको. हा शोध त्याच्या एकट्याच्या नावानं छापायचाय. तुमची संमती हवी. आणि जमलं तर माफी.

आई : सही कुठे करायची ते दाखवा. माफीचं मला आज विचारू नका.

सर : एक विचारू? त्या दिवशी तुमच्याशी बोलला होता तो?

आई : निघताना फोन केला होता.

सर : माझ्याबद्दल काही म्हणाला?

आई : म्हणाला, आई, सरांचंच बरोबर आहे. उद्या जाऊन त्यांना तसं सांगतो.